विधान आणि गृहीतके: ‘सर्व’ असलेला पर्याय नेमका कधी चुकतो?

प्रश्न

नमस्कार. मी गेली दोन वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहे. बैठकव्यवस्था, नातेसंबंध वगैरे प्रश्न मला फारसे अडवत नाहीत. परंतु ‘विधान आणि गृहीतके’ या प्रकारात माझे गुण सातत्याने जातात. काल एका सराव प्रश्नपत्रिकेत पुढील प्रश्न होता.

विधान: जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या शहरात पाणी येणार नाही, नागरिकांनी आजच पाणी भरून ठेवावे, असे महापालिकेने जाहीर केले.
गृहीतक १: नागरिकांना पाणी साठवून ठेवणे शक्य आहे.
गृहीतक २: सर्व नागरिक या सूचनेप्रमाणे वागतील.

मी दोन्ही गृहीतके गर्भित, म्हणजे विधानात न बोलता धरलेली, मानली; उत्तरतालिकेत मात्र फक्त पहिले दिले आहे. लोक ऐकणारच नसतील तर महापालिका सूचना काढील कशाला, असा माझा तर्क होता. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’ असे शब्द दिसले की पर्याय सरळ काटावा, असे क्लासमध्ये सांगितले गेले. पण तोच नियम लावून मी दुसऱ्या एका प्रश्नातला बरोबर पर्याय काटला होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील दुसऱ्या पेपरमध्ये अडीच गुणांचा एक प्रश्न चुकला की त्याचे एक तृतीयांश गुण वरून वजा होतात, त्यामुळे अंदाजावर विसंबणे परवडत नाही. यामागचे कारण कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

आपल्या तर्कातच या शंकेचे उत्तर आहे. ‘लोक ऐकणारच नसतील तर सूचना कशाला?’ यावरून सिद्ध होते ते एवढेच, की निदान काही लोक ऐकतील असे महापालिकेने धरले आहे. ‘काही’वरून ‘सर्व’वर आपण नकळत उडी घेतलीत.

गृहीतक पारखण्याची खात्रीची रीत म्हणजे त्याचा नकार करायचा आणि तो मूळ विधानाशेजारी ठेवून पाहायचा. विधान कोसळले तर गृहीतक गर्भित. उभे राहिले तर नाही. मात्र नकार नेमका हवा, आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच. ‘सर्व नागरिक सूचनेप्रमाणे वागतील’ याचा नकार ‘एकही नागरिक वागणार नाही’ असा होत नाही. तो ‘निदान एखादा नागरिक तरी वागणार नाही’ असा होतो. कोणी परगावी असेल, कोणापर्यंत सूचना पोहोचणारच नाही, तरीही सूचना देण्यात अर्थ उरतोच. उलट, पाणी साठवणे कोणालाही शक्य नाही असे मानले, तर ‘भरून ठेवावे’ हे शब्दच निरर्थक होतात.

शब्द पाहून पर्याय काटण्याचा नियम मला धोक्याचा वाटतो. ‘हा आंबा देवगडचा आहे, म्हणून तो हापूसच असणार’ असे कोणी म्हटले, तर ‘देवगडचे सर्व आंबे हापूस असतात’ हे त्यात गर्भित आहे, कारण बोलणाऱ्याने त्या एका ‘च’ने अपवादाला जागाच ठेवलेली नाही. कोकणात पायरीही पिकतो आणि रायवळही, हे आपल्याला ठाऊक असले तरी त्याने उत्तर बदलत नाही. गृहीतक खरे आहे की खोटे, हा प्रश्नच विचारलेला नसतो. बोलणाऱ्याला त्याच्यावाचून पुढे जाता येते का, एवढेच पाहायचे असते.

प्रतिसाद २

वरच्या ‘च’वरून सुचलेले लिहितो. मराठीतील ‘ही’, ‘तरी’, ‘सुद्धा’, ‘पुन्हा’ ही छोटी अव्यये गृहीतके पोटात घेऊन येतात. ‘तुमच्याकडेही वीज गेली का?’ या प्रश्नात वीज आणखी कुठेतरी गेली आहे, हे धरलेले असते. ‘मुलगी असूनही ती गणितात हुशार आहे’ हे वाक्य कौतुकाचे वाटते. पण मुली सहसा गणितात हुशार नसतात, हा समज त्या ‘असूनही’मध्ये बसलेला आहे, आणि तो काढून घेतला तर ‘असूनही’ला काही कामच राहत नाही. उतारा वाचताना अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय मी लावून घेतली, तेव्हापासून पर्याय वाचण्याआधीच निम्मे उत्तर हाती येऊ लागले.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादातील रीत योग्य आहे. कार्यकारणाच्या प्रश्नांत मात्र ती अधिक जपून वापरावी लागते. ‘तालुक्यात शेततळी वाढली आणि यंदा टँकर कमी लागले, म्हणजे शेततळ्यांचा उपयोग झाला’, हा युक्तिवाद घ्या. ‘यंदा पाऊस गेल्या वर्षीपेक्षा अधिक झालेला नाही’ हे गृहीतक अनेकजण गर्भित मानतील. त्याचा नकार करून पाहा: पाऊस अधिक झाला, पण शेततळ्यांनीही हातभार लावला, असे असू शकते. युक्तिवाद दुबळा होतो, कोसळत नाही. अपरिहार्य गृहीतक इतकेच, की टँकर कमी लागण्याचे संपूर्ण श्रेय एकट्या पावसाचे नाही. ‘दुबळे होणे’ आणि ‘कोसळणे’ यांतील हा फरक मला समजायला फार वेळ लागला, म्हणून मुद्दाम लिहिले.

आपल्या परंपरेतही याचे जवळचे उदाहरण आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसकांनी, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या विचारवंतांनी, याला अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे वेगळे साधन मानले, तर नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या विचारवंतांनी, ते अनुमानातच घातले. यात ‘तो रात्री जेवतो’ हा निष्कर्ष आहे, आणि ‘जेवल्यावाचून कोणी लठ्ठ राहत नाही’ हे न बोललेले गृहीतक आहे. परीक्षेत ही दोन्ही वाक्ये पर्यायांत शेजारीशेजारी असतात आणि घाईत त्यांची अदलाबदल होते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी पूर्वी काटलेला तो बरोबर पर्याय आज पुन्हा तपासला. विधान होते: ‘ही सवलत शेतकऱ्यांसाठी आहे, त्यामुळे ती तुम्हाला मिळणार नाही.’ पर्याय होता: ‘सवलत केवळ शेतकऱ्यांनाच मिळते.’ नकार केला, म्हणजे शेतकरी नसलेल्यांपैकी काहींनाही ती मिळते असे मानले, तर ‘त्यामुळे’ हा शब्द टिकत नाही. म्हणून हे गृहीतक गर्भित, बरोबर ना?

प्रतिसाद १

बरोबर. फक्त त्याच विधानात आणखी एक गृहीतक आहे, तेही लिहून ठेवा: ज्याच्याशी बोलणे चालले आहे, तो शेतकरी नाही.