जैन शेजाऱ्यांकडे जेवायला बोलावलंय, भाभींसाठी काय नेऊ?

मंडळी, जरा मदत हवी आहे.

पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक मारवाडी जैन कुटुंब राहतं. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा तिथल्या भाभींनी आमचा स्वयंपाक स्वतःच्या अंगावर घेतला होता. सकाळी मऊ खिचडी, दुपारी फुलके आणि मुगाची डाळ. डबा परत द्यायला गेलं की म्हणायच्या, "राहू द्या, उद्या लागणारच आहे." यंदा त्यांनी पर्युषणात अठ्ठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचा उपवास केला. आता पारणं झालंय आणि आम्हा सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलंय.

रिकाम्या हाताने जायचं नाही हे नक्की. पण जे सुचतं ते बाद होतं. आलेपाक घ्यावा तर आलं कंदात येतं. महाबळेश्वरचा मध चालत नाही. सासवडचे अंजीर न्यायचं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात कळलं की उंबराच्या जातीतलं फळ म्हणून अंजीरही वर्ज्य. सुकामेव्याचा डबा तर आपण डोळे झाकून नेतो, पण चातुर्मासात बरेच जैन तोही बंद ठेवतात. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबावं तर त्यात मधही बसतो आणि कांदा-लसूणही. मग म्हटलं, पैठणीच्या कापडाची छोटी पर्स द्यावी. पण भाभी रेशमी साडी नेसतच नाहीत, रेशमासाठी किडे मारतात म्हणून.

हजार-दीड हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे. त्याहून भारी दिलं तर त्या अवघडतील आणि दिवाळीला दुपटीने परत करतील. नुसती औपचारिक भेट मला द्यायची नाहीये. त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते आम्ही विसरलेलो नाही, एवढं त्यांच्यापर्यंत पोचावं. काय नेऊ?

प्रतिसाद

ताई, मी ओसवाल जैन, माहेर नगरचं. तुम्ही इतका विचार करताय हे वाचूनच बरं वाटलं.

आधी एक बघा, ते स्थानकवासी आहेत की मंदिरमार्गी. स्थानकवासी मूर्तिपूजा करत नाहीत. प्रेमाने महावीरांची मूर्ती आणून देणारे पाहुणे मी पाहिलेत, ती कुठे ठेवायची हा घरच्यांना प्रश्न पडतो. त्यामुळे मूर्ती नको.

मिठाईचं म्हणाल तर आमच्याकडे तिला मुदत असते. पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या थरांत कुटायचे. २०१६ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने त्याविरुद्ध नियम केला, तरी जुन्या बायका अजून वर्ख लावलेलं टाळतात. शिवाय नियम घरागणिक बदलतात. माझ्या सासरी जे चालतं ते माहेरी चालत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, खाण्याचं काहीच नेऊ नका. कधी केलंय, कशात तळलंय, हे पाहुण्यांना तोंडावर विचारता येत नाही. विचारल्याशिवाय घरात कोणी खात नाही. मग तो डबा दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींकडे जातो, आणि यजमानीण मनात खजील होते. त्यापेक्षा त्यांच्या घरात रोज हाताला लागतं असं काही आठवतंय का? त्यातूनच सुचेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप धन्यवाद! तुमच्या प्रश्नामुळे एक गोष्ट डोळ्यासमोर आली. त्यांच्याकडे प्यायचं पाणी गाळून, उकळून परातीत गार करत ठेवलेलं असतं. गार झालं की भाभी ते स्टीलच्या एका जुन्या डब्यात भरतात. त्याचं झाकण नीट बसत नाही, म्हणून वर ताटली आणि ताटलीवर वाटी. मी गेले की दर वेळी ती वाटी आधी उचलून बाजूला ठेवतात, मग ताटली, मग मला पाणी देतात. स्थानकवासीच आहेत, मुलाकडून कळलं.

प्रतिसाद

मग उत्तर मिळालं की! पुण्यातच आहात तर कसबा पेठेत तांबट आळीत जा आणि झाकणाची तांब्याची छोटी कळशी घ्या. मशीनवरची गुळगुळीत नको, मठारकाम केलेली बघा. हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी बसवत आणलेला असतो, प्रकाशात धरली की कळतं. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणजे ते नुसतं नक्षीकाम नाही. पाण्याच्या भांड्याला आतून कल्हई लागत नाही, ती स्वयंपाकाच्या आणि आंबटाच्या भांड्यांना. झाकण मात्र दुकानातच दोन-तीनदा लावून बघा. भाव वजनावर असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. देताना सांगा की चिंच-मिठाने घासली की पुन्हा लखलखते.

प्रतिसाद

भेटीचं ठरलंच आहे, पण वेळेचं बघा. त्यांचा चौविहार असेल तर सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. सध्या पुण्यात साडेसहाच्या सुमारास मावळतं, म्हणजे पाच-सव्वापाचला पोचायला हवं. आपण साडेसातला गेलो तर त्या आपल्याला वाढतील, पण स्वतः उपाशी राहतील. आणि पानात काही टाकू नका, मुलांनाही आधी सांगून ठेवा. कितीतरी घरांत ताट धुऊन ते पाणी पितात, इतकं ते जपतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

वेळेचं बरं झालं सांगितलंत, आम्ही सातला निघणार होतो! आता पाचलाच जाऊ. शुक्रवारी तांबट आळीत जाऊन कळशी घेते. चमकीचा कागद नको, सुती पंच्यात बांधून देईन, तो पाणी गाळायलाही होईल. नगरच्या ताई, एकच विचारायचंय: नवं भांडं घासून, पुसून नेऊ, की दुकानातून आणलं तसंच देऊ? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

प्रतिसाद

तसंच द्या ताई. नवं भांडं आम्ही आमच्या हाताने, गाळलेल्या पाण्यानेच धुऊन घेतो. पंच्याची कल्पना फार आवडली. जाड विणीचा घ्या, पातळ कापडातून आम्ही पाणी गाळत नाही.