जपान झुकला म्हणता, मग कापसाचं आयातशुल्क कोणी काढलं?

पराटीवाला, राळेगाव
काल तालुक्याच्या गटात एकानं लिहिलं, "अमेरिकेनं डोळे वटारले तसे जपान, युरोप, कोरिया सगळे लोटांगण घालून मोकळे. एकटा भारत ताठ उभा." त्यावर धडाधड अंगठे पडले. माझं डोकं सणकलं म्हणून इथं लांबण लावतो.

२७ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मालावरचं अमेरिकी शुल्क ५० टक्के झालं. त्याच्या आठ दिवस आधी, १९ ऑगस्टला, आपण कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येतो नेमके तेच दिवस. हे ताठ उभं राहणं असेल, तर शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झाल्यावर कापसाच्या माझ्या वाळक्या पराट्याही ताठच उभ्या असतात.

जपानही झुकला. १५ टक्के शुल्कावर तडजोड, वर अमेरिकेत ५५० अब्ज डॉलर गुंतवायचं कबूल. पण तांदळात काय केलं पाहा. बिनशुल्क येणारा ७ लाख ७० हजार टनांचा कोटा होता तेवढाच ठेवला, आतला अमेरिकेचा वाटा फक्त वाढवला. अमेरिकेला घरी सांगायला आकडा मिळाला, जपानी कास्तकाराच्या डोक्यावर जास्तीचं पोतं आलं नाही.

हिंगणघाटकर
अर्धीच गोष्ट. शुल्क काय फक्त अमेरिकेच्या कापसाचं काढलं? ब्राझीलचाही येतो. मागणी गिरण्यांची होती, तीही जुनी. माझा साळा तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ऑगस्टनंतर ऑर्डरी थांबल्या, दोन पाळ्यांची एक झाली. गिरणी बसली तर तू कापूस काय गाद्यांत भरशील? आणि दूध, जीएम म्हणजे जनुकबदल केलेला मका, सोयाबीन यांना आपण दार उघडलं नाही, ते लिहायला हात दुखला का?

बंडीवाला
जपान-बिपान राहू द्या भाऊ. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ८११० न? भेटते कोणाले? मोबाईलवर नोंदणी केली, तारीख भेटली, तालुक्याच्या सरकारी खरेदी केंद्रावर रातभर ट्रॅक्टर लावून बसलो. सकाळी मीटर खुपसलं, म्हणे १४ टक्के ओलावा, १२ च्या वर घेत नाही. अन् खुपसलं कुठं, तर दवानं भिजलेल्या वरच्या थरात! म्या म्हटलं, बुडातून पाहा. म्हणे, वेळ नाही. वापस आणला अन् गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याले ६८०० नं देल्ला. मले सांगा, यात अमेरिका कुठं हाय?

हिंगणघाटकर
वजन वाढवायला रात्री पाणी मारून गाड्या आणणारेही आपल्यातलेच आहेत, ते पण सांगा.

बंडीवाला
पाणी?? दिवाळीपर्यंत पाऊस होता, बोंडं झाडावरच भिजली. तुह्या पायाले वावराची माती लागली काय कधी? साळ्याच्या बनियनवर बोलते अन् आमाले चोर म्हणते.

हिंगणघाटकर
चोर म्हटलं नाही. आणि माझे पाच एकर आहेत.

बंडीवाला
ठेक्यानं देल्लेले.

रिटायर्ड गुरुजी
भांडा, पण थोडं मागंही पाहा. १९६६ ला मी चौथीत होतो. घरात मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर, मला ती गिळत नसे. व्हिएतनामवर आपण टीका केली म्हणून अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्यानं सोडत होता. जूनमध्ये रुपयाही पाडला, डॉलरला ४.७६ चा ७.५० झाला. झुकलोच होतो. पण त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं. मान खाली होती, हात कामाला होते. २०२५ ला शुल्क काढलं, ठीक. त्याच्या जोडीला कापसासाठी काय मागवलं, हे कोणी सांगेल का? गुलाबी बोंडअळी तर अळीला मारायला आणलेल्या जुन्या बीटी बियाण्याला केव्हाच पचवून बसली.

बंडीवाला
गुरुजी, मिलो राहू द्या, ओलाव्याचं बोला.

पराटीवाला, राळेगाव
धागा माझा, विषय ओलाव्याचा! पण गुरुजींचा प्रश्न बरोबर बसला. हिंगणघाटकर, याचं उत्तर दे.

हिंगणघाटकर
बरं, डिसेंबरपर्यंतची मुदतवाढ नको होती, एवढं लिहून घ्या. सप्टेंबरपर्यंत ठीक होतं. बाकी एक शब्द मागं घेत नाही. पाण्याचा तर नाहीच.

पराटीवाला, राळेगाव
उपकार झाले. साळ्याला माझ्याकडून चहा पाज.

बंडीवाला
सोमवारी पुन्हा गाडी लावतो. कोणाची मोठी ताडपत्री मोकळी हाय काय? हिंगणघाटकर, तुह्याजवळ असनच.

हिंगणघाटकर
आहे. घेऊन जा. कोरडी वापस आण.