कंबोडियातली तरुण पोरं नक्की कशाने घडतात? शाळेने की समाजसेवेने?

मेकाँगकाठी (धागाकर्ता)

नॉम पेन्हमध्ये तयार कपड्यांच्या धंद्यात नोकरी करतो. ऑफिसात विशी-पंचविशीची ख्मेर, म्हणजे कंबोडियन, मुलंमुली. नवी भरती असली की अर्जांचा ढीग येतो आणि निम्म्या अर्जांत एकच गोष्ट असते. मी खेड्यातली, लाजाळू, चारचौघांत तोंड उघडत नसे. मग एका संस्थेत स्वयंसेवक झाले, गावात मुलांना इंग्रजी शिकवलं, नेतृत्व शिबिराला गेले आणि माझा आत्मविश्वास वाढला. सोबत पाच-सहा प्रमाणपत्रं, लॅमिनेशन करून. पोरं कष्टाळू आहेत आणि खोटंही बोलत नाहीत. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

भांडण या गोष्टीच्या कौतुकाशी आहे. इथल्या बहुतेक सरकारी शाळा अर्ध्या दिवसाच्या. खोल्या अपुऱ्या, शिक्षक अपुरे, म्हणून दोन पाळ्या. सकाळची पाळी अकराच्या सुमारास सुटते. पांढरा शर्ट आणि निळी पँट किंवा स्कर्ट घातलेला लोंढा रस्त्यावर येतो आणि तिथेच दोन वाटा फुटतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत ती मुलं शिकवणीला जातात. पुष्कळदा शिक्षक तोच आणि खोलीही तीच असते. सकाळी अर्धवट राहिलेला धडा तिथे पुरा होतो. याला 'रियेन कुओ' म्हणतात. शिक्षकाचा पगार वर्षानुवर्षं इतका तुटपुंजा होता की त्यालाही दोष द्यावासा वाटत नाही. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यातली नशीबवान मुलं कुठल्यातरी संस्थेच्या फुकट इंग्रजी वर्गाला जातात. बाकीची घरी, शेतावर.

परिणाम समोर आहे. २०२२च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) ८१ देशांत गणितात कंबोडिया तळाला, ३३६ गुण. बारावीपर्यंत निम्मी मुलंही पोचत नाहीत. आठवी-नववीत सुटलेल्या मुली माझ्या शिलाई लाइनवर बसतात. पहाटे उघड्या ट्रकमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून येतात. २०२५चं किमान वेतन महिना २०८ डॉलर. त्यांच्या 'व्यक्तिमत्त्व विकासा'ची गोष्ट कुणी लिहिली नाही, कारण स्वयंसेवा करायलासुद्धा आधी शाळेत टिकून राहावं लागतं.

म्हणून म्हणतो, समाजसेवेतून घडलेली तरुणाई वगैरे जे चाललंय ते शाळेच्या नापासपणावर घातलेलं पांघरूण आहे. कोणाला काय वाटतं?

झोळीवाला

साफ असहमत. शाळा आधी आणि समाजसेवा नंतर हा क्रम तुम्ही भारतातून घेऊन गेलात. कंबोडियात तो उलटा आहे, आणि का आहे ते माहीत असूनही तुम्ही गाळलंत.

एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात पोल पॉटच्या खमेर रूज या कट्टर कम्युनिस्ट राजवटीने शाळा नावाची गोष्टच बंद केली होती. राजधानीतल्या एका शाळेचा तर तुरुंग केला, तोच तुओल स्लेंग. सतरा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि शिकलेला माणूस आधी संशयात. शिक्षकांपैकी थोडेच वाचले. १९७९नंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा घोषणा होती की ज्याला जास्त येतं त्याने कमी येणाऱ्याला शिकवावं आणि ज्याला कमी येतं त्याने काहीच न येणाऱ्याला. म्हणजे त्या देशाची शाळाच मुळात स्वयंसेवेतून उभी राहिली. पांघरूण कसलं घेऊन बसलात?

एक उदाहरण देतो. थायलंडच्या सीमेवरच्या साइट टू या निर्वासितांच्या छावणीत वाढलेली नऊ पोरं. तिथे एका फ्रेंच बाईंकडे चित्रकला शिकली. परत आली आणि १९९४ साली बाटंबांग शहरात 'फारे पोनलू सेलपाक' ही कलाशाळा काढली. सुरुवात चित्रांच्या वर्गाने. मग संगीत, नाटक, सर्कस. २०१३पासून सिएम रीपला त्यांचा सर्कशीचा तंबू आहे. कलाकारांना पगार मिळतो आणि नफ्यातून बाटंबांगची शाळा चालायला मदत होते. या पोरांना आधी सरकारने चांगली शाळा द्यावी आणि मग त्यांनी काहीतरी करावं असं म्हणत बसलो असतो तर ती अजून थांबलेलीच असती.

खोचक काकू

झोळीवाले, तुमचं फारेचं उदाहरण मला पाठ झालंय. कंबोडियाचा विषय निघाला की कुणीतरी ते काढतंच. चांगलंच आहे ते. पण एका फारेमागे काय काय उभं राहिलं तेही सांगा की.

मी सिएम रीपला गेले होते, आपल्या मराठी ग्रुप टूरबरोबर. अंकोर वाट, ता प्रोम (तिथे आपल्याच पुरातत्त्व खात्याने काम केलंय, हे गाइड न चुकता सांगतो आणि सगळे टाळ्या वाजवतात), आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या कुणालातरी 'अनाथाश्रमाला भेट' हवी झाली. चॉकलेटं घेऊन. मी म्हटलं मी हॉटेलवर थांबते. का, ते आकड्यांत सांगते. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अशा संस्था १५४वरून २६९ झाल्या. युद्ध कधीच संपलेलं, मग अनाथ आले कुठून? युनिसेफने पाहणी केली तर चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत. गरीब आईबापांना सांगायचं की पोराला शिकवतो, आणि पर्यटकांपुढे नाचायला उभं करायचं. शेवटी 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हेत' अशी मोहीम काढावी लागली तिथल्याच फ्रेंड्स इंटरनॅशनल संस्थेला.

आईबापांनी पोरं का दिली? शिक्षणासाठी. गावची शाळा धड असती तर दिली असती का? म्हणून माझं मत धागाकर्त्याच्या पारड्यात.

झोळीवाला

काकू, गल्लत होतेय. तुम्ही सांगताय तो परदेशी लोकांच्या सेवेचा धंदा. धागा आहे तिथल्या तरुणांनी स्वतः केलेल्या कामाबद्दल. एकाच्या पापाची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडू नका.

खोचक काकू

पैसा कुठून येतो त्या तरुणांच्या शिबिरांना? चहाच्या टपरीवर वर्गणी काढून?

झोळीवाला

पैसा बाहेरून येतो म्हणून काम खोटं ठरत नाही. असो.

तिठा

शाळा की समाजसेवा यात तिसरीच गोष्ट राहून जातेय. मुलगी झोपणार कुठे?

विनोद नाही करत. खेड्यातला मुलगा शिकायला नॉम पेन्हला आला की त्याच्यासाठी बौद्ध विहार असतात. विहारात (तिकडे त्याला 'वाट' म्हणतात) भिख्खूंच्या आश्रयाने राहायचं, आवारात झाडलोट करायची, कॉलेज करायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सोय. मुलींना विहारात राहता येत नाही आणि भाड्याची खोली परवडत नाही. कॉलेजांनी वसतिगृहं बांधली नाहीत. १९९०च्या दशकात कायदा शिकणाऱ्या काही मुली चक्क कॉलेजच्या इमारतीखालच्या बुटक्या पोकळीत राहायच्या. त्यांच्यातल्याच एकीने वकील झाल्यावर ही हकीकत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन लाइटमन यांना सांगितली, आणि त्यातून २००६ साली हार्प्सवेल हे मुलींचं वसतिगृह नॉम पेन्हमध्ये सुरू झालं. संध्याकाळी तिथे इंग्रजी, वादविवाद, नेतृत्वाचे वर्ग असतात.

आता याला शाळा म्हणाल की समाजसेवा? मला वाटतं ती जमिनीखाली राहिलेली मुलगी कुठल्याही शिबिराला न जाता घडली होती. तिला कमी पडत होतं ते फक्त छप्पर. नेतृत्वाचे वर्ग वरचा मसाला. छान लागतो, पण भात आधी हवा.

काळा चहा

सगळे फार सभ्य बोलताय. समाजसेवेतून खरोखर घडलेल्या कंबोडियन तरुणांचं सगळ्यात ठळक उदाहरण कुणीच घेतलं नाही. मदर नेचर कंबोडिया.

पर्यावरणासाठी लढणारी विशीतली पोरं. आरेंग खोऱ्यातल्या धरणाला विरोध, नदीतल्या वाळूउपशाचे व्हिडिओ, राजधानीतली तळी बुजवून बांधकाम करण्यावर सवाल. २०२३ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आणि २ जुलै २०२४ रोजी त्यांच्यातल्या दहा जणांना सहा ते आठ वर्षांच्या शिक्षा झाल्या. सरकारविरुद्ध कट केला म्हणून. निकालाच्या दिवशी त्यांच्यातले काही पारंपरिक अंत्ययात्रेचे पांढरे कपडे घालून कोर्टाकडे चालत गेले.

दुसरीकडे युवक महासंघ आहे. त्याचे नेते हुन मानी, म्हणजे माजी पंतप्रधान हुन सेन यांचे चिरंजीव आणि सध्याचे पंतप्रधान हुन मानेत यांचे धाकटे बंधू. हजारो स्वयंसेवक, एकसारखे टीशर्ट, नववर्षाला अंकोरला 'अंकोर संक्रांत'चा भव्य सोहळा. तिथेही पोरं घडतात हो. सूत्रसंचालन शिकतात, गर्दी सांभाळायला शिकतात, कोणाला नमस्कार किती वाकून करायचा तेही शिकतात.

तेव्हा धागाकर्ते, तुमच्याकडे येणाऱ्या अर्जांत 'मी लाजाळू होते, आता बोलते' असं असतं ना? काय बोलते, ते एकदा विचारा. संस्थेची नोंदणी रद्द करायचा अधिकार सरकारला देणारा २०१५चा कायदा आल्यापासून प्रत्येक संस्था कुठल्या विषयावर बोलायचं नाही ते मुलांना न सांगताच शिकवते. 'वैयक्तिक विकास' हा विषय लोकप्रिय आहे कारण त्याने कुणाच्याच पोटात दुखत नाही.

मेकाँगकाठी

काळा चहा, तुमच्या प्रतिसादाला इथे बसून मी जास्त उत्तर देणार नाही. समजून घ्या.

बाकीच्यांना. सरकारच्या मनात आलं तर शाळा सुधारते, हे २०१४ साली दिसलं. तोवर बारावीची परीक्षा म्हणजे उघड बाजार. उत्तरांच्या झेरॉक्स विकल्या जात, नातेवाईक भिंतीवरून चिठ्ठ्या फेकत. २०१३ला ८७ टक्के पास. शिक्षणमंत्री हांग चुओन नारोन यांनी भ्रष्टाचारविरोधी पथक केंद्रांवर बसवलं. निकाल लागला २५.७ टक्के. पुढच्या वर्षी ५६च्या आसपास. कुठल्याही शिबिराने एका पिढीच्या अभ्यासाच्या सवयी इतक्या बदलल्या नसतील.

झोळीवाला

आणि त्या वर्षी नापास झालेल्या पंचाहत्तर टक्क्यांचं काय? फेरपरीक्षा घेतली, तीही बहुतेकांना सुटली नाही. दहा-बारा वर्षं अर्धवट शिकवायचं आणि शेवटच्या दिवशी प्रामाणिकपणा आठवायचा. 'रियेन कुओ'चे पैसे ज्यांनी भरले ते तरले.

शिवाय शाळा काय शिकवते तेही बघा. पोल पॉटच्या काळाबद्दल पाठ्यपुस्तकात कित्येक वर्षं जेमतेम काही ओळी. घरात आजी काही सांगू लागली तर नातवंडांचा विश्वास बसत नसे. त्या काळावरचं नीट पुस्तक २००७ साली आलं ते खमेर रूज काळाची कागदपत्रं जमवणाऱ्या डीसी-कॅम या बिगरसरकारी संस्थेकडून, आणि शिक्षण खात्याने ते नंतर स्वीकारलं. याच संस्थेने खमेर रूजच्या खटल्यांच्या वेळी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवलं, कोर्टात काय चाललंय ते लोकांना समजावून सांगायला. वीस वर्षांची पोरगी, समोर तिच्या आईच्या वयाची बाई आणि विषय असा. ती पोरगी त्या दुपारी जे शिकली ते कुठल्या पाळीच्या शाळेत शिकवणार होते? (त्या संस्थेचे यूक छांग यांना २०१८चा मॅगसेसे मिळाला. त्याच वर्षी आपल्या कर्जतच्या डॉ. भरत वाटवानींनाही.)

तिठा

हे मात्र पटलं. तरी छप्पर आधी.

पोटापुरता

इतका वेळ वाचत होतो. स्तुंग मीनचेयचा कचरा डेपो कुणाला आठवतो का? नॉम पेन्हचा, २००९ला बंद झाला. शेकडो मुलं तिथे भंगार वेचायची. एका फ्रेंच जोडप्याने तिथल्या मुलांसाठी पीएसई ही संस्था काढली. त्यांना लवकर कळलं की मूल वर्गात बसलं की घरची त्या दिवशीची कमाई बुडते, म्हणून आईबाप पाठवत नाहीत. मग त्यांनी मुलाच्या कमाईच्या बदल्यात घरी तांदूळ द्यायला सुरुवात केली. मुलं आली आणि टिकली. पुढे त्यांच्या हॉटेल स्कूलमधून कितीतरी जण नोकरीला लागले.

आज कचऱ्याच्या जागी कर्ज आहे. गावोगाव सूक्ष्म-कर्जवाल्या कंपन्या, जमिनीचा कागद तारण, आणि हप्ता फेडायला थोरली मुलगी कारखान्यात. तिला स्वयंसेवाही नको आणि पिसाही नको, तिला हप्त्यातून सुटका हवी. त्यावर कुणी बोलणार आहे का?

खोचक काकू

बोलते. मेकाँगकाठी, तुमच्याच लाइनवर बसतात ना त्या मुली? मग कारखान्यातच वर्ग का नाही घेत?

मेकाँगकाठी

झालेत की. युनेस्को आणि शिक्षण खात्याचे साक्षरता वर्ग काही कारखान्यांत चालले. अडचण वेळेची. सहा दिवसांचा आठवडा, त्यावर ओव्हरटाइम. वर्गाला बसलं की ओव्हरटाइम बुडतो, आणि पोटापुरतांनी सांगितलेला हप्ता तर ओव्हरटाइमवरच चालतो.

खोचक काकू

मग वर्गाचा तास पगारी करा. ओव्हरटाइमच्या दराने.

मेकाँगकाठी

देणार कोण? खरेदीदार शर्टामागे सेंट सेंट मोजतो. मालक म्हणतो सरकारने द्यावं, सरकार म्हणतं देणगीदार शोधा.

झोळीवाला

म्हणजे शेवटी रविवारी कुणीतरी विशीतली पोरगी येऊन फुकटच शिकवणार. आणि वर्षाने तुमच्याकडे अर्ज करताना तिने ते लिहिलं की तुम्ही इथे धागा काढणार.

मेकाँगकाठी

काढणारच. पण नोकरीही देईन.