झोक्यावरचे कोडोना आणि 'वारसा' नावाची पळवाट

सांडशी
'पडवी' यांनी परवा सर्कशीतल्या उडत्या झोक्यांवरच्या कोडोना कुटुंबाची आरती ओवाळली आणि शेवटी लिहिलं, "अशी घराणी लहानपणापासूनच घडतात. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्कशीत मुलांना बंदी केली आणि आपल्याकडचा झोका मेला." तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

अहो, ती बंदी काय न्यायाधीशांना वेळ जात नव्हता म्हणून आली? नेपाळमधून आणलेल्या मुली तंबूंतून सोडवाव्या लागल्या होत्या. त्यांचे आईबाप शेकडो मैल लांब. कुठलं घराणं घडत होतं तिथे?

आता तुमचा अल्फ्रेडो कोडोना. बाप एदुआर्दोची मेक्सिकोत छोटी सर्कस, पोरं त्यातच वाढली. अल्फ्रेडो हवेत तीन कोलांट्या मारायचा, भाऊ लालो झेलायचा, सगळं खरं. पण १९३१ मध्ये त्याची बायको लिलियन लाइट्झेल कोपनहेगनमध्ये दोराची कडी तुटून पडली आणि दोन दिवसांनी गेली. १९३३ मध्ये याचा खांदा निकामी झाला, झोका कायमचा सुटला. १९३७ मध्ये वकिलाच्या कचेरीत त्याने पुढची बायको व्हेरा ब्रूस हिला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःलाही. व्हेरा त्याच्याच झोक्यावर काम करायची. तुमच्या लेखात हे सगळं दोन शब्दांत: "दुर्दैवी अंत". कुणाचं दुर्दैव हो? झोक्याशिवाय दुसरं काही येऊच नये असं ज्याला वाढवलं, त्याचा झोका गेल्यावर उरतं काय? खुनाला माफी मागत नाहीये मी. वारशाचा हिशेब करताना हा खर्चही मांडा, एवढंच.

पडवी
बायकोला मारणारे कारकूनही असतात. म्हणून टंकलेखनाच्या क्लासवर बंदी घालायची का?

मूळ मुद्दा सोयीस्कर सोडलात. १९०९ मध्ये तिहेरी मारली ती क्लार्क बंधूंनी. १९२० मध्ये कोडोना बंधूंनी. १९८२ मध्ये टूसॉनला चौपट साधली ती वास्केझ बंधूंनी, मिगेल उडाला, हुआनने झेललं. हरवेळी भाऊच कसे? तिसऱ्या कोलांटीत आपण कुठे आहोत हे उडणाऱ्याला कळत नाही. समोरचे हात येणार, एवढंच धरून चालायचं. पगारी माणसावर एवढा जीव टाकता येत नाही.

खुसपट
पहिली तिहेरी लेना जॉर्डनची. सिडनी, १८९७. झेलणारा लू जॉर्डन. बाई म्हणून गाळली का?

पडवी
अल्फ्रेडो पहिला असं मी लिहिलेलंच नाही.

खुसपट
तुमच्या लेखाचं शीर्षक: 'तिहेरी कोलांटीचा जनक'.

पडवी
बदलतो. झालं समाधान?

गोटीसोडा
भाऊच का, हे मी सांगतो. भावाला पगार द्यावा लागत नाही.

आमचं वाणसामानाचं दुकान. सातवीपासून मी गल्ल्यावर. दिवाळीत सगळी गल्ली फटाके उडवायची आणि मी रवा-मैद्याच्या पुड्या बांधायचो. बाबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "आमचा पोरगा म्हणजे विश्वासाचा माणूस." विश्वासाचा म्हणजे फुकटचा, हे मला बी.कॉम.ला कळलं. आणि रक्ताचीच नाती लागतात हेही खोटं. उत्तर कोरियाची सरकारी पथकं बघा, घराणंबिराणं काही नाही, तरी चौपट मारतात.

तळ्यातमळ्यात
मुलांच्या स्वातंत्र्यासाठी उत्तर कोरियाचा दाखला! कोपरापासून दंडवत.

बाकी सांडशीताईंशी सहमत. ते वॉलेंडा नाही का, १९६२ मध्ये डेट्रॉइटला माणसांचा मनोरा कोसळून दोघे गेले, एकाला कायमचं अपंगत्व आलं. तरी नातवंडं-पतवंडं चालूच.

खुसपट
ते तारेवरचे. झोक्यावरचे नव्हेत.

तळ्यातमळ्यात
पडणाऱ्याला काय फरक पडतो?

खुसपट
पडतो. झोक्याखाली जाळी असते. वॉलेंडांनी ती घेतली नव्हती.

माणदेशी
अवांतर, पण राहवत नाही. मेक्सिको झालं, कोरिया झालं, विष्णुपंत छत्र्यांचं नाव कुणी घेतलं का? मुंबईत कियारिनीची इटालियन सर्कस बघून हा माणूस पेटला आणि १८८० मध्ये स्वतःची उभी केली. कुरुंदवाडकरांच्या पागेतला माणूस! आणि नेटवर जिथे बघावं तिथे "भारतीय सर्कशीचं माहेर केरळ". आमचं श्रेय आम्हालाच कसं टिकवता येत नाही?

चिंगूळ
माझं सासर तलश्शेरीचं, म्हणून बोलते. छत्रे घोड्यांचे उस्ताद, त्यात वाद नाही. पण दोराझोक्यावरची माणसं तयार केली ती कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी. त्यांनी १९०१ मध्ये चिरक्कराला शाळाच काढली. आमच्या गावात केक, क्रिकेट आणि सर्कस या तीन गोष्टी सांगतात. तुमच्या मिरज-सांगलीत आज झोक्यावर जाणारं एक तरी घर दाखवा.

माणदेशी
पण त्यांच्या डोक्यात सर्कस कुणी घातली? छत्र्यांनीच ना!

चिंगूळ
बरं बाई, घातली. मग पुढची साठ-सत्तर वर्षं तुम्ही कुठे होतात?

माणदेशी
मी बाई नाही.

आणि छत्रे नुसते घोडेवाले नव्हते. ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकलेला माणूस. गवई रहिमतखाँना पदरी बाळगून सर्कशीबरोबर गावोगाव हिंडवलं. घराण्यावर बोलताय ना? हे घ्या घराणं.

पडवी
धन्यवाद! ख्यालाचा गवई सहाव्या वर्षी तानपुऱ्यामागे बसला की आपण "काय संस्कार!" म्हणतो. झोक्यावर चढला की बालमजूर.

सांडशी
तानपुऱ्यावरून पडून मान मोडत नाही.

गोटीसोडा
गल्ल्यावरूनही नाही. म्हणून ते चालतं का?

रिकामा_झोका
मी जिम्नॅस्टिक्स करायचो. नवव्या वर्षापासून रिंग्ज, विसाव्या वर्षी खांदा गेला. आज डबा वरच्या फळीवर ठेवायचा तरी डावा हात लावतो. घरचं कुणी या खेळात नव्हतं, मीच हट्ट केला होता. त्यामुळे दोष द्यायलाही कुणी नाही. अल्फ्रेडोचा १९३३ नंतरचा काळ वाचवत नाही मला. तुम्ही दोघं त्याच्यावरून चषक जिंकायला निघालायत.

आणि लालोबद्दल एक ओळ लिहा कुणीतरी. गुडघ्यांवर उलटं लटकून समोरून येणारा अख्खा माणूस मनगटांवर झेलायचा. चुकला तर दोघांचे खांदे. पोस्टरवर मोठं नाव मात्र भावाचं.

पडवी
हे मान्य. लेखात लालोला फक्त 'धाकटा भाऊ' म्हटलंय, ते अपुरं आहे.

पण सांडशीताई, गेल्या वर्षी तुम्हीच पुतणीचा दोरीच्या मल्लखांबाचा फोटो टाकला होतात. वय वर्षं सात. खाली गादी दिसली, कोर्ट नाही दिसलं.

सांडशी
ती साडेसहाला घरी येते, वरणभात खाते आणि कंटाळा आला तर दुसऱ्या दिवशी जात नाही. तंबूतल्या मुलींना कंटाळा यायची सोय होती का?

पडवी
बरं. कंटाळ्याचा मुद्दा तुमचा. २०११ चं वाक्य काढतो. पण कंटाळा आला की घरी बसणाऱ्या पोरांतून चौपट मारणारा निघणार नाही, हेही लिहून ठेवा.

सांडशी
नाही निघाला तर नाही निघाला. तिहेरीवर भागवू.

माणदेशी
छत्र्यांचं कुणी उत्तर दिलेलं नाही.

खुसपट
शीर्षक अजून तेच आहे.