कथास्पर्धेला कथा पाठवताना: आपले अनुभव

साहित्यिक मासिकांच्या कथास्पर्धांना ज्यांनी कथा पाठवली आहे, किंवा आलेल्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना अनुभव लिहिण्याचे हे निमंत्रण आहे. क्रमांक आला की नाही यापेक्षा, स्पर्धेच्या निमित्ताने त्या कथेचे काय झाले हे सविस्तर यावे, अशी माझी इच्छा आहे. सुरुवात मीच करते.

वडिलांचे शिवणयंत्र विकले जाते त्या दिवसाची माझी कथा होती. ती ३,५०० शब्दांची झाली होती आणि स्पर्धेची मर्यादा २,००० शब्दांची होती. पहिले दोन दिवस मी विशेषणे खुडत बसले, तरी जेमतेम ३०० शब्द कमी झाले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की पहिली चार पाने हा नुसता घराण्याचा इतिहास आहे. कथा सुरू होते ती पाचव्या पानावर, जिथे गिऱ्हाईक यंत्राचे चाक उलटे फिरवून पाहते आणि ज्या वडिलांनी आम्हा भावंडांना त्याच चुकीसाठी कितीदा तरी रागावले होते, ते काहीच बोलत नाहीत. मी चारही पाने काढून टाकली. कथेला क्रमांक मिळाला नाही. परंतु कथा नेमकी कुठे सुरू होते हे शोधण्याची सवय मला त्या शब्दमर्यादेने लावली.

* * *

मी दोन वर्षे एका मासिकासाठी पहिल्या फेरीचे वाचन केले आहे, त्यामुळे वरच्या अनुभवाला वाचकाच्या बाजूने दुजोरा देतो. आमच्याकडे कथा नावाशिवाय, केवळ संकेत क्रमांक घालून येत असत. एका बैठकीत मी दहाहून अधिक कथा वाचत नसे, कारण त्यानंतरच्या कथेवर अन्याय होतो. चांगल्या सुरू झालेल्या बऱ्याच कथा शेवटाशी येऊन कोसळत. अखेरच्या परिच्छेदात एखादे जुने पत्र सापडे, झोपेतून जाग येई किंवा कुणाचा तरी मृत्यू होई, आणि लेखकाने बारा पाने जपून उभ्या केलेल्या माणसांना स्वतः काही ठरवण्याची संधीच उरत नसे.

नाव झाकण्याची अट अनेकांना केवळ उपचार वाटते, म्हणून एक उदाहरण देतो. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने घेतली होती आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवला होता. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. नामवंत शास्त्रज्ञाला आपली कथा नावाच्या आधाराशिवाय वाचली जावी असे वाटले, यात त्या अटीचे सारे मोल आहे. आमच्याकडे मात्र एका उत्तम कथेच्या प्रत्येक पानाखाली लेखिकेचे नाव राहून गेले होते आणि नियमानुसार ती बाद करावी लागली. ती कथा मला अजून आठवते. पाठवण्यापूर्वी पानाचा वरचा आणि खालचा भाग कृपया तपासा.

* * *

‘अप्रकाशित’ या शब्दाचा अर्थ मी छापील प्रकाशनापुरताच घेतला होता. कथा माझ्या ब्लॉगवर होती, म्हणून निवड झाल्यानंतर ती रद्द झाली. नियम स्पष्ट लिहिलेला होता. चूक माझी होती.

* * *

हक्कांविषयी कुणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मला एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. तीन वर्षांनी स्वतःच्या कथासंग्रहात ती कथा घ्यायची म्हणून परवानगी विचारली, तेव्हा ‘स्पर्धेसाठी आलेल्या साहित्याचे सर्व हक्क मासिकाकडे राहतील’ या ओळीकडे माझे लक्ष वेधण्यात आले. प्रवेशपत्रावर माझी सही होती. बक्षीस न मिळालेल्या कथांनाही ती ओळ लागू होती, हे मला आजही अत्यंत अन्यायाचे वाटते. स्पर्धेला प्रथम प्रसिद्धीचा हक्क मिळणे रास्त आहे, कारण अंकात नवी कथा असावी हा तिचा हेतू असतो. त्यापुढचे हक्क लेखकाकडेच राहिले पाहिजेत. लेखन केल्याक्षणी, नोंदणी न करताही, हक्क लेखकाचा होतो, हे तत्त्व लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे आणि तो करार १८८६ चा आहे. इतक्या जुन्या हक्कावर आपण एका सहीने पाणी सोडतो. आता मी आधी नियमावली वाचते, विषय नंतर.

* * *

माझी कथा साभार परत आली, पण तिच्यासोबत परीक्षकांचे कार्ड होते. एवढ्या कथांमधून क्रमांक न लागलेल्या एका कथेसाठी कुणी वेळ काढतो, हे मी आधी अनुभवले नव्हते. एडगर ॲलन पो यांना १८३३ मध्ये बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत कथेसाठी ५० डॉलरचे बक्षीस मिळाले होते. त्यांच्या परीक्षकांपैकी जॉन पेंडलटन केनेडी यांनी पुढेही त्यांची पाठराखण केली आणि एका मासिकात काम मिळवून दिले. माझ्या मते त्या बक्षिसातला मोठा भाग हाच होता.

माझ्या कार्डावर दोनच ओळी होत्या. ‘शेवटी ती बहिणीच्या घराचे दार वाजवते हे कळले. इतकी वर्षे का वाजवले नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?’ मला ठाऊक नव्हते. मी दोघींमध्ये भांडण लावून दिले होते, पण ते कशावरून झाले याचा विचारच केला नव्हता. त्यानंतर मी ती कथा चार वेळा लिहिली आहे. ताज्या खर्ड्यात ती दारापर्यंत जाते, आतून येणारा बहिणीचा आवाज ऐकते आणि चपला न काढता परत फिरते. या वर्षी हाच खर्डा पाठवणार आहे.