शाळेत ग्रंथपाल व्हायला नक्की काय लागतं? डी.एड., टीईटी आहे, बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
मी परळच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. बीए, डी.एड. झालंय, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पण पास आहे. आमच्या ग्रंथपाल बाई रिटायर झाल्या आणि जागा काही भरली नाही, म्हणून दोन वर्षं झाली लायब्ररीची चावी माझ्याकडेच आहे, तास संपले की कपाटं उघडायची, देवघेव रजिस्टर लिहायचं, फाटलेल्या पुस्तकांना खळ लावायची, सगळं मीच. सहावीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत दारात उभा असतो, "बाई आज उघडणार ना?" पावसात तो पुस्तक दुधाच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत धरून आणतो. हे काम मला मनापासून आवडतं आणि रीतसर करायचंय.

आता गोंधळ असा की हेडसर म्हणतात तुम्ही या पदाला पात्र नाही, सहकारी म्हणतात टीईटी आहे तर झालं की, आणि दादरच्या एका क्लासवाल्याने सहा महिन्यांत 'टीचर-लायब्रेरियन लायसन्स' मिळेल म्हणून २२ हजार फी सांगितली. माझी मावसबहीण टेक्सासला असते, ती म्हणते तिकडे खरंच सर्टिफिकेट लागतं, मास्टर्स डिग्री, वर्गात शिकवल्याचा २ वर्षांचा अनुभव आणि वर परीक्षा. आपल्याकडे असं काही आहे का? प्लीज कुणीतरी नीट सांगा, पैसे भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे.

प्रतिसाद १:
ताई, पैसे अजिबात भरू नका. आपल्याकडे शाळेच्या ग्रंथपालाला लायसन्स वगैरे काही नसतं, ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण बघतात. टीईटी पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे, ग्रंथपालाशी तिचा संबंध नाही. केंद्रीय विद्यालयाची जाहिरात काढून बघा, ग्रंथालयशास्त्राची पदवी, किंवा कुठलीही पदवी आणि त्यावर एक वर्षाचा ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा, शिवाय हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान. तुमचं बीए झालंय म्हणजे बी.लिब. एका वर्षात होईल. चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग १९६१ पासून आहे, कलिनाला मुंबई विद्यापीठात आहे, पण नोकरी सांभाळून करायचं तर इग्नू नाहीतर नाशिकचं मुक्त विद्यापीठ बरं पडेल.

प्रतिसाद २:
मी स्वतः शाळेत ग्रंथपाल आहे म्हणून एक महत्त्वाचं सांगतो. अनुदानित शाळेत हे पद शिक्षकेतर धरतात, मंजूर होणार की नाही ते शाळेच्या पटावर ठरतं. म्हणजे बी.लिब. झालं तरी तुम्ही आपोआप त्या खुर्चीत बसत नाही, आणि शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी वेगळी असते, तेव्हा घाईने शिक्षकाची जागा सोडू नका. आधी संस्थेला अर्ज देऊन दोन गोष्टी लेखी मागा, पद आज मंजूर आहे का आणि बी.लिब.ला बसायची परवानगी. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत असं स्पष्ट आहे, पण ग्रंथपाल नेमा असं त्यात नाही, आणि तिथेच आपल्या मुलांचं नुकसान होतं. तोवर वेळापत्रकात वाचनाचा तास मागून घ्या, तो शिक्षक म्हणूनही घेता येतो.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार, क्लासवाल्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. उद्या हेडसरांकडे अर्ज देते. भांडुपला राहून परळला नोकरी करणाऱ्याला इग्नूचं कुठलं सेंटर सोयीचं पडेल, कुणी तिथून बी.लिब. केलंय का?