सौदीतून डिपोर्ट झालोय. कॅनडाच्या फॉर्मवर खरं लिहू का?

नंदगडचा वेल्डर:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडजवळच्या खेड्यातला. 2019 ला वेल्डर म्हणून जेद्दाला गेलो. दोन वर्षं बरी गेली, मग सात महिने पगारच नाही. घरी पैसे पाठवायचे म्हणून कफीलाला, म्हणजे तिथल्या मालकाला, न सांगता दुसऱ्या साइटवर गेलो. त्यानं हुरूब टाकला, म्हणजे कामगार पळून गेला अशी तक्रार. पकडल्यावर शुमैसीच्या तरहीलमध्ये, म्हणजे परत पाठवायच्या आधी डांबतात तिथं, 23 दिवस काढले. दहाही बोटांचे ठसे घेतले. पासपोर्ट कफीलाकडेच राहिला, म्हणून आपल्या वकिलातीनं पांढरा कागद दिला, इमर्जन्सी सर्टिफिकेट. त्यावर मुंबईला उतरलो. हातात एक प्लास्टिकची पिशवी. आईला वाटलं सुट्टीवर आलाय.

आता एक एजंट कॅनडात वेल्डरचं काम देतो म्हणतोय. तिथल्या फॉर्मवर विचारतात, कुठल्याही देशानं व्हिसा किंवा प्रवेश नाकारलाय का, देश सोडायला सांगितलंय का. एजंट म्हणतो बिनधास्त 'नाही' लिही. माझा जुना पासपोर्ट 2012 चा, त्यावर 'बेलगाम' होतं, नव्यावर 'बेळगावी' येईल. वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही कन्नड दाखल्यावरून वेगळं करू, म्हणजे कॉम्प्युटरला जुळणारच नाही, असं त्याचं म्हणणं. चार लाख मागतोय. रान गहाण टाकावं लागेल. बायको म्हणते खरं लिहा. मला झोप येईना झालीय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

उद्यमबाग लेथ:
भावा, आधी त्या एजंटला एक रुपया देऊ नको. माझं ऐक.

मी 2016 ला कुवेतहून डिपोर्ट झालो. कारण तुझ्यासारखंच, मालक बदलला. 2018 ला कॅनडाचा अर्ज भरला आणि एजंटच्या सांगण्यावरून 'नाही' लिहिलं. चार महिन्यांनी ऑफिसरचं पत्र आलं. कुवेतची नोकरी अचानक का संपली, मधेच नवा पासपोर्ट का काढला, तिथून परत पाठवलं होतं का, खुलासा करा. एजंटला फोन लावला तर बंद. मी ते पत्र कामावर लेथच्या बाजूला उभा राहून वाचलं, हातातल्या ग्रीसचे डाग अजून आहेत त्यावर.

खोटी माहिती दिली म्हणून 5 वर्षं बंदी पडली. त्यांच्या कायद्यातलं कलम 40. कुवेतनं मला पाठवलं एवढ्यावरून कॅनडाचं दार आपोआप बंद होत नव्हतं. पगार थकला, मालक बदलला, चोरी नाही की मारामारी नाही, हे ऑफिसरनं ऐकून घेतलं असतं. व्हिसा दिलाच असता असं नाही म्हणत, पण ऐकून घेतलं असतं. मी त्याला ऐकायची संधीच ठेवली नाही. तेव्हा मुलगी पहिलीत होती, बंदी संपली तेव्हा ती सहावीत.

बेलगामचं बेळगावी सरकारनं 1 नोव्हेंबर 2014 ला केलं. हा फरक इथल्या किती तरी जणांच्या पासपोर्टवर आहे, त्यानं कोण फसणार? कॅनडाला दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्याशी ते ताडून बघतात. सौदीचं त्यांना कळेल की नाही हा हिशोबच मांडू नको. मी मांडला होता.

निपाणीकर:
माझा धाकटा भाऊ दुबईत व्हिसा संपून राहिला होता, 2024 च्या माफीत घरी आला. त्यालाही डिपोर्टच धरायचं का? परत जाता येईल का?

टिळकवाडीची अक्का:
निपाणीकर दादा, त्याचं वेगळं. ती माफी 1 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली आणि मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत चालली. त्यात रीतसर कागद करून जो बाहेर पडला त्याच्यावर परत यायची बंदी नाही. एक्झिटचा कागद जपून ठेवायला सांगा त्याला.

वेल्डर भाऊ, मी पासपोर्टचे फॉर्म भरून देते, तेवढ्यापुरतं सांगते. कॅनडाच्या आधी आपल्याच पासपोर्टच्या फॉर्मवर प्रश्न आहे: इमर्जन्सी सर्टिफिकेटवर परत आलात का, डिपोर्ट झालात का. तिथं 'होय' लिहायचं, सर्टिफिकेटचा नंबर, तारीख, देश, कारण द्यायचं. जुना पासपोर्ट कफीलाकडे राहिला तर पोलिसांत तक्रार करून ती प्रत जोडायची. वडिलांच्या नावाला हात लावायचा नाही. तुमची जुनी फाइल त्यांच्याकडे आहेच, तिथं खोटं सापडलं तर पासपोर्टच अडकेल.

पैशाचं. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. परवाना खरा का ते ई-मायग्रेट या सरकारी साइटवर दिसतं. एलएमआयए, म्हणजे बाहेरचा कामगार घ्यायला तिथल्या मालकाला लागणारी मंजुरी, तिचे 1000 डॉलर कॅनडातल्या मालकानं भरायचे असतात, कामगाराकडून वसूल करता येत नाहीत. मग हे चार लाख कशाचे, ते त्याला लिहून द्यायला सांगा.

आणि सौदीत कामाच्या व्हिसावर परत जायचा विचार सोडा. तरहीलमधून गेलेल्याला हज-उमरा सोडून तिकडे घेत नाहीत.

उद्यमबाग लेथ:
अक्का बरोबर सांगतायत. फॉर्मला एक पानाचं पत्र जोड. पगार कधीपासून थकला, कफीलाला कधी सांगितलं, कधी पकडलं, कधी मुंबईला उतरलास, तारखांसकट. पगाराचे मेसेज मोबाइलमध्ये असतील तर प्रिंट काढ. रडगाणं नको, आणि चूक झाली तिथं झाली म्हण.

नंदगडचा वेल्डर:
अण्णा, अक्का, लई उपकार झाले. काल एजंटला नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, तुझं कुठंच होणार नाही म्हणाला.

पांढरा कागद सापडला. आईनं तांदळाच्या डब्यामागं रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला होता. एका कोपऱ्यात शाई फुटलीय, पण नंबर आणि तारीख वाचता येते. तो कशाचा कागद ते काल आईला पहिल्यांदा सांगितलं. ती काही बोलली नाही, घडी सरळ करून परत हातात दिला.

सोमवारी हुबळीच्या पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट आहे. अक्का, मूळ कागद ते ठेवून घेतात का? झेरॉक्स किती काढू?